जबाब बदलला की कोर्ट काय बघतं?

मागच्या महिन्यात आमच्या प्रभागातल्या एका गटाची बैठक आटोपली, हप्ते गोळा झाले, वही मिटली आणि गप्पा सुरू झाल्या. आदल्या रात्री टीव्हीवर ‘रुस्तम’ लागला होता. अक्षय कुमारचा, २०१६ सालचा. नौदलाचा अधिकारी बोटीवरून घरी येतो, बायकोचे दुसऱ्या माणसाशी संबंध असल्याचं त्याला कळतं, तो त्या माणसाला गोळ्या घालतो. कोर्टात सांगतो, मी स्वसंरक्षण केलं. ज्युरी त्याला निर्दोष सोडते. एक काकी म्हणाल्या, “बरोबर केलान् त्याने. कोर्टानेपण सोडलान् ना!”

पहिल्या वाक्यावर वाद घालायला आम्ही नंतर बसलोच, पण आधी दुसऱ्या वाक्याबद्दल बोलायला हवं. हा सिनेमा ज्या खऱ्या घटनेवर बेतला आहे ती आपल्या मुंबईतली, १९५९ सालची. त्या खटल्यात शेवटी कोर्टाने माणसाला सोडलं नाही. खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप दिली. आणि का दिली ते समजून घेणं आपल्या बायकांच्या फार उपयोगाचं आहे, कारण खटला उभा राहिला की आरोपीने, साक्षीदाराने, शेजारणीने कधी काय सांगितलं ते सगळं ताणून बघितलं जातं. साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहायची वेळ कोणावर येईल सांगता येत नाही.

तर घटना अशी. कावस माणेकशॉ नानावटी हे नौदलात कमांडर, ‘मैसूर’ या युद्धनौकेवरचे दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी. पत्नी सिल्व्हिया इंग्लंडची, तीन मुलं. नानावटी महिनोन्महिने बोटीवर असत. त्या काळात सिल्व्हियाचे प्रेम आहुजा या मोटारींचा व्यवसाय करणाऱ्या माणसाशी संबंध जुळले. १९५९ च्या एप्रिलमध्ये नानावटी मुंबईला परतले. २७ एप्रिलला दुपारी जेवणानंतर सिल्व्हियाने नवऱ्याला खरं काय ते सांगितलं.

आता इथून पुढे घड्याळ लक्षात ठेवा. दीडच्या सुमाराला नानावटी घरातून निघाले. बायकोला आणि मुलांना मेट्रो सिनेमाला सोडलं, सहा वाजता घ्यायला येतो म्हणाले. तिथून ते आपल्या बोटीवर गेले. रात्री एकट्याने अहमदनगरला गाडी चालवत जायचं आहे, असं खोटं कारण सांगून बोटीच्या भांडारातून एक रिव्हॉल्व्हर आणि सहा गोळ्या घेतल्या. रिव्हॉल्व्हर भरलं आणि तपकिरी पाकिटात ठेवलं. आहुजाच्या ऑफिसात गेले, तो तिथे नव्हता. मग नेपियन सी रोडजवळच्या त्याच्या फ्लॅटवर गेले. नोकराने दार उघडलं. आहुजा नुकताच आंघोळ करून आला होता, कमरेला टॉवेल होता. नानावटी त्याच्या बेडरूममध्ये शिरले आणि मागे दार लावून घेतलं. तेव्हा चार वाजून वीस मिनिटं झाली होती. थोड्याच वेळात गोळ्यांचे आवाज आले, नानावटी हातात रिव्हॉल्व्हर घेऊन बाहेर पडले. आहुजा बाथरूममध्ये मरून पडला होता. नानावटी स्वतः पोलिसांकडे हजर झाले.

आतापर्यंतच्या हकिगतीवर फारसा वाद नव्हता. वाद होता तो बंद दाराआडच्या त्या थोड्याशा वेळाबद्दल. तिथे दोनच माणसं होती, त्यातलं एक गेलं. उरलेल्याने जे सांगितलं ते खरं मानायचं का?

कोर्टात नानावटींनी सांगितलं ते असं. रिव्हॉल्व्हर घेतलं ते स्वतःला संपवण्यासाठी. आहुजाकडे गेले ते त्याला एकच विचारायला, की तू सिल्व्हियाशी लग्न करून मुलांना सांभाळणार का? त्यावर आहुजाने अत्यंत उर्मट उत्तर दिलं. मी संतापलो, पाकीट जवळच्या कपाटावर ठेवलं आणि त्याला चोप देतो म्हणालो. तेवढ्यात तो पाकिटाकडे झेपावला. मी आधी रिव्हॉल्व्हर काढलं आणि त्याला मागे हो म्हणालो. झटापट झाली आणि झटापटीत गोळ्या आपोआप उडाल्या.

वकिलांनी याच्या जोडीला आणखी एक बाजू ठेवली. अपघात मान्य नसेल, तर निदान एवढं तरी माना की बायकोने सांगितलेल्या गोष्टीने माणूस भान हरपला होता. कायद्यात याला गंभीर आणि अचानक चिथावणी म्हणतात. ती सिद्ध झाली तर खुनाचा गुन्हा सदोष मनुष्यवधावर येतो, शिक्षा कमी होते.

मैत्रिणींनो, नीट बघा. एकाच मरणाची इथे किती कारणं एकत्र आली? रिव्हॉल्व्हर आत्महत्येसाठी होतं. ते बाहेर काढलं ते समोरचा पाकिटावर झेपावला म्हणून, म्हणजे स्वतःच्या बचावासाठी. गोळ्या तर झाडल्याच नाहीत, त्या उडाल्या. आणि झाडल्या असतील तर रागाच्या भरात. ‘मी झाडल्याच नाहीत’ आणि ‘भान सुटल्यामुळे झाडल्या’ ही दोन वाक्यं एका तोंडात बसायला कठीण. कायदा आरोपीला ‘हे नाही तर ते’ असं म्हणायची मुभा देतो, तो गुन्हा नाही. कोर्टही प्रत्येक म्हणणं वेगळं तपासतं. पण दोन दगडांवर पाय ठेवला की दोन्ही डगमगतात.

तपासायचं कसं? आपल्याला वाटतं, न्यायाधीश चेहरा बघून ओळखतात. माणूस रडला, कुठे शिकलेला आहे, गणवेशात किती रुबाबदार दिसतो. त्या खटल्यात लोकांनी हेच बघितलं. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने नानावटींची बाजू उचलून धरली होती, शहरभर सहानुभूती होती. तेव्हा मुंबईत ज्युरीची पद्धत होती, म्हणजे सामान्य नागरिकांतून निवडलेल्या पंचांनी दोषी की निर्दोष ते ठरवायचं. नऊ जणांच्या ज्युरीने १९५९ च्या ऑक्टोबरात आठ विरुद्ध एक मतांनी नानावटींना निर्दोष म्हटलं. सत्र न्यायाधीशांना ते पटलं नाही. हा पुरावा समोर असताना समंजस माणसं असा निर्णय देऊच शकत नाहीत, असं म्हणून त्यांनी खटला मुंबई उच्च न्यायालयाकडे पाठवला. उच्च न्यायालयात सरकारची बाजू यशवंत चंद्रचूड यांनी मांडली, जे पुढे देशाचे सरन्यायाधीश झाले. उच्च न्यायालयाने ११ मार्च १९६० ला नानावटींना खुनासाठी दोषी धरलं. २४ नोव्हेंबर १९६१ ला सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा कायम केली.

वरच्या कोर्टांनी केलं काय, तर नानावटींची गोष्ट घेतली आणि ती न बोलणाऱ्या वस्तूंच्या शेजारी ठेवली.

पहिली वस्तू टॉवेल. दोन धट्टेकट्टे पुरुष रिव्हॉल्व्हरसाठी अंगाला अंग भिडवून झोंबले, असं म्हणणं होतं. आणि आहुजाच्या कमरेचा टॉवेल जागच्या जागी होता. सुटला नव्हता, सैल झाला नव्हता. आपण रोज लहान पोराला आंघोळ घालतो, हातातून निसटलं की पंचा कुठे जातो ते कोणाला सांगायला नको. हा पुरावा समजायला वकिली शिकावी लागत नाही.

दुसरी वस्तू जखमा. छातीवर, हातावर आणि डोक्यावर. हातघाईत चुकून गोळी सुटली तर एखादी कुठेतरी लागेल. पण रिव्हॉल्व्हरचा घोडा प्रत्येक गोळीला वेगळा ओढावा लागतो. दोघे एकमेकांना धरून असताना एकीमागून एक गोळ्या आपोआप सुटतात आणि छाती, डोकं अशा ठिकाणी लागतात, हे कोर्टाला पटलं नाही. मुख्य जखमा अपघाताशी अजिबात जुळत नाहीत, मुद्दाम झाडलेल्या गोळ्यांशी जुळतात, असं निकालात म्हटलं आहे.

तिसरं म्हणजे वेळ. आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत काही सेकंद. तेवढ्यात प्रश्न, उत्तर, राग, पाकीट ठेवणं, झेप, झटापट, बाथरूमपर्यंत जाणं हे सगळं बसवायचं होतं. शिवाय झटापटीचं वर्णन फार तोकडं होतं, कोणाचा हात कुठे, कोण कुठे ढकललं गेलं, काही नाही. कोर्टाने त्याला कृत्रिम म्हटलं.

आणि चौथी गोष्ट आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटते, ती पहिले शब्द. गोळीबारानंतर नानावटी इमारतीच्या वॉचमनशी बोलले, मग नौदलातल्या एका सहकाऱ्याशी बोलले. दोघांनाही त्यांनी जे सांगितलं ते कबुलीसारखं होतं. झटापट झाली, चुकून गोळी सुटली, हे त्यांनी त्या दिवशी कोणालाच सांगितलं नाही. सत्र न्यायालयात खटला उभा राहीपर्यंत ‘अपघात’ हा शब्द कुठेच नव्हता. ज्याच्या हातून खरोखर चुकून माणूस गेला, तो पहिल्या भेटेल त्याला काय सांगेल? “अहो, मी मुद्दाम नाही केलं.” हे वाक्य तोंडातून आधी येतं. महिन्यांनी आलं, तर कोर्ट विचारणारच की ते इतके दिवस होतं कुठे.

चिथावणीचंही तसंच. बायकोचं ऐकल्यावर कोणाचंही डोकं फिरेल, हे कोर्टाने नाकारलं नाही. पण दीड वाजता घर सोडलं आणि चार वीसला गोळी झाडली. मध्ये जवळजवळ तीन तास. त्या तीन तासांत मुलांना सिनेमाला सोडलं, भांडारात कारण रचून सांगितलं, रिव्हॉल्व्हर भरलं, आधी ऑफिस आणि मग घर गाठलं. भान हरपलेला माणूस इतकी कामं ओळीने करत नाही. राग असेल, पण तो थंड करायला पुरेसा वेळ मिळाला होता, असं कोर्ट म्हणालं.

आता स्वसंरक्षणाकडे या, कारण सिनेमाने तेच दाखवलं. दुसऱ्याच्या घरात, न बोलावता, भरलेलं रिव्हॉल्व्हर घेऊन, दार लावून घेणाऱ्याला समोरच्याने हात पुढे केला म्हणून स्वसंरक्षणाचा हक्क मिळतो का? त्या खोलीत तसा हक्क असेलच तर तो टॉवेलवरच्या निःशस्त्र माणसाचा होता. त्याची वागणूक आम्हालाही आवडत नाही. पण वाईट माणसालाही जीव वाचवायचा हक्क असतोच.

इथे काकींच्या पहिल्या वाक्यावर थोडं. “बरोबर केलान्” असं म्हणताना आपण नेहमी नवऱ्याच्या बाजूने का म्हणतो? उलटं झालं असतं, बाईने नवऱ्याच्या मैत्रिणीला मारलं असतं, तर तिच्यासाठी कोणत्या साप्ताहिकाने अंक काढले असते? सिल्व्हियासुद्धा या खटल्यात नवऱ्याच्या बाजूने साक्षीला उभी राहिली. तिच्या मनात काय होतं ते विचारायला मात्र कोणी गेलं नाही, सगळी चर्चा इज्जतीची. असो. नानावटींना पुढे १९६४ मध्ये महाराष्ट्राच्या राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली आणि ते कुटुंबासह कॅनडाला गेले. पण माफी म्हणजे निर्दोष नव्हे, हा फरक लक्षात ठेवा. आणि ज्युरीची पद्धत पुढे आपल्या देशातून गेली, १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागा राहिली नाही.

बंदूक म्हटली की आपल्याकडे मुंबईचे अधिकारी नव्हे, वानरं आणि डुकरं आठवतात. शेतीसंरक्षणाचा परवाना असलेली घरं आपल्या वाड्यांतून आहेत. काळोखात झुडूप हललं, डुक्कर समजून बार काढला आणि माणूस गेला, असं झालं तर ‘अपघात’ एवढं म्हणून भागत नाही. कायद्याचा अपघात म्हणजे काम कायदेशीर हवं, कायदेशीर रीतीने केलेलं हवं आणि पुरेशी काळजी घेतलेली हवी. परवाना कोणाच्या नावावर होता? डुकराला मारायची परवानगी होती का? समोर काय आहे ते दिसलं होतं का? आणि हे दाखवायचं काम ज्याने बार काढला त्याचं. खून झाला हे सिद्ध करायचं काम सरकार पक्षाचंच. पण मी अपवादात बसतो, मला माफ करा, असं जो म्हणतो त्याने तो अपवाद दाखवून द्यायचा. जुन्या पुरावा कायद्यात हे १०५ वं कलम होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमात १०८ वं आहे. नानावटी खटल्यात ज्युरीला हे नीट समजावून सांगितलंच गेलं नव्हतं, ही उच्च न्यायालयाची एक मोठी तक्रार होती. यात एक दिलासा आहे. आरोपीला आपला बचाव सरकार पक्षाइतका पक्का, संशयापलीकडे सिद्ध करावा लागत नाही. तो शक्य कोटीतला, जास्त संभवनीय वाटला तरी पुरतं.

म्हणजे बोलण्यात थोडा फरक आला की माणूस खोटा, असं कोर्ट धरतं का? नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली गुजरातच्या एका खटल्यात फार माणुसकीने लिहिलं आहे की साक्षीदाराची आठवण ही व्हिडिओ टेप नसते. वेळ, अंतर, कोणी आधी काय म्हटलं, यात फरक पडायचाच, त्यात गावचा माणूस कोर्टात घाबरतो. साडी हिरवी होती की निळी, यावरून कोणाची साक्ष पडत नाही. पडते ती गोष्टीचा कणाच बदलला की. काल ‘मी तिथे नव्हते’, आज ‘मी होते पण त्याने आधी मारलं’, हा फरक कण्याचा.

आणि खोटं पकडलं गेलं म्हणून गुन्हा सिद्ध झाला, असंही नाही. पुण्यातला शरद बिरदीचंद सारडा खटला यासाठी वकील मंडळी अजून सांगतात. लग्नाला चार महिने झालेली मुलगी पोटॅशियम सायनाइडने गेली. नवऱ्याला सत्र न्यायालयाने फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने कायम केली. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडलं. न्यायालयाचं सांगणं असं, की आरोपीचा बचाव खोटा ठरला तरी सरकार पक्षाची साखळी स्वतःच्या कड्यांनी पुरी व्हायला हवी. खोट्या बचावाने तुटलेलं कडं सांधता येत नाही. हा निकाल वाचून आमच्यातल्या बऱ्याच जणी गप्प झाल्या होत्या. आपल्या मनाला तो बोचतो. पण उद्या आपल्याच पोरावर आळ आला आणि घाबरून तो काही खोटं बोलला, तर हाच नियम त्याच्या बाजूने उभा राहील.

खरं स्वसंरक्षण कोर्ट मानतं, याचंही एक उदाहरण सांगतो. दर्शनसिंग विरुद्ध पंजाब राज्य, २०१० चा निकाल. शेतजमिनीचा वाद, १९९१ साली भांडण पेटलं. दर्शनसिंगचं म्हणणं होतं, माझ्या वडिलांवर धारदार गंडाशाने वार झाला म्हणून मी परवान्याच्या बंदुकीने गोळी झाडली. माणूस मेला. खालच्या कोर्टाने सोडलं, उच्च न्यायालयाने दोषी धरलं, सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. इथे बाप-लेकाचं म्हणणं एकमेकांना धरून होतं, ‘गोळी झाडली नाही’ असं कोणी म्हणालं नाही, आणि वडिलांना लागलेला घाव त्या म्हणण्याला साक्ष होता. न्यायालयाने हेही म्हटलं की जीवावर बेतलेला माणूस सोन्याच्या काट्यावर तोलून वार करू शकत नाही, आणि आधी मार खाल्लाच पाहिजे असंही नाही. धोका खरोखर समोर दिसत असला तर पुरे.

हे दोन खटले शेजारी ठेवले की आमचा खरा मुद्दा येतो. बायका बंदूक चालवत नाहीत. पण मारहाण सहन करता करता एखादीच्या हातात कोयता येतो, वरवंटा येतो, चुलीतलं लाकूड येतं. आणि त्यानंतर पहिल्या तासात तिच्याभोवती शहाणी माणसं जमतात. सासरचे, माहेरचे, गावचा कोणी जाणता. सगळे एकच सांगतात, “तू काही केलंस म्हणू नकोस. तो दारूच्या नशेत पडला म्हणून सांग.” आपुलकीने सांगतात. पण या सल्ल्याने तिच्याकडचा सगळ्यात मोठा हक्क ती स्वतःच्या हाताने टाकून देते. ‘तो पडला’ म्हणणारीला ‘मी जीव वाचवण्यासाठी मारलं’ असं नंतर म्हणणं जड जातं. आरोपीने स्वतः म्हटलं नसलं तरी पुराव्यात स्वसंरक्षण दिसत असेल तर कोर्टाने ते बघायचं असतं, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितलंय. तरीही मग टॉवेल तपासला जातो, म्हणजे तिच्या बाबतीत डोक्यावरची जखम आणि उंबरा. पडल्याची जखम आणि मारल्याची जखम डॉक्टरला वेगळी कळते.

हा हक्क भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४ कलमांत आहे. १ जुलै २०२४ च्या आधी तो दंड संहितेत ९६ ते १०६ कलमांत होता. जीव जाईल, गंभीर दुखापत होईल, बलात्कार होईल, पळवून नेतील, ॲसिड टाकतील, अशी खरी भीती असताना बचावासाठी समोरच्याचा जीव गेला तरी तो गुन्हा ठरत नाही. त्याला मर्यादाही आहेत. गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही. पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हा हक्क लागू होत नाही. धोका संपला की हक्कही संपतो. तो मारून झोपला आणि दोन तासांनी तिने घाव घातला, तर कोर्ट तिलाही नानावटींचे तीन तास विचारणार. वर्षानुवर्षं मार खाणारीच्या मनात तो धोका झोपलेल्या माणसाबरोबर संपत नाही, हे आम्हाला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे. कायद्याच्या या बाबतीत अजून बरंच बोलायला हवं असं आम्हाला वाटतं.

म्हणून तयारी आधीपासूनची. प्राथमिक आरोग्य केंद्रात डोळा सुजलेली बाई येते आणि केसपेपरवर काय लिहिलं जातं? ‘पायरीवरून घसरली.’ ‘गोठ्यात म्हशीने ढकललं.’ डॉक्टर तुम्ही सांगाल ते लिहितात. असे पाच केसपेपर साठले की सहाव्या वेळी तुम्ही खरं सांगितलंत तरी समोरचा वकील पाचही कागद पुढे करतो आणि विचारतो, आधी खोटं बोलत होता की आता? आमच्या ओळखीतल्या बायकांना आम्ही एवढंच सांगतो, पोलिसात जायचं की नाही ते नंतर ठरवा, पण डॉक्टरला खरं सांगा आणि केसपेपरची झेरॉक्स घराबाहेर कोणाकडे तरी ठेवा. गटाच्या कपाटात ठेवली तरी चालेल.

वेळ आलीच, तर बोलायची घाई करायचीही गरज नाही. आरोपीला स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती करता येत नाही, राज्यघटनेच्या विसाव्या कलमात ते आहे. “वकील आल्यावर सांगते” असं म्हणून गप्प राहता येतं. गप्प राहणं वेगळं, खोटं सांगणं वेगळं. पोलिसांपुढे दिलेली कबुली तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, पण शेजारणीला, वॉचमनला, नातेवाइकाला सांगितलेलं चालू शकतं. नानावटींचं तेच झालं. साक्षीदार असाल तर जबाब घ्यायला बाईला पोलीस ठाण्यात बोलावता येत नाही, तो तिच्या राहत्या घरी घ्यायचा असतो. पोलिसांनी लिहून घेतलेल्या त्या जबाबावर सही लागत नाही, पण तो वाचून दाखवा म्हणा. ‘मी ऐकलं’ हे ‘मी बघितलं’ असं लिहिलं असेल तर तिथेच दुरुस्त करायला सांगा. पंच म्हणून सही करताना ती वस्तू तुमच्यासमोर उचलली का, तेवढं बघा. कोऱ्या कागदावर सही नको.

वकिलाचे पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा आहे आणि त्यात बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो, ती आरोपी असो की तक्रारदार. रत्नागिरीच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. तिथे अर्ज द्यायचा. फोन करायचा तर १५१००, पैसे पडत नाहीत. वकील भेटल्यावर त्यालाही सगळं पहिल्यापासून सांगायचं, लाजेच्या गोष्टींसकट, कारण त्याला अर्धंच माहीत असेल तर तो अर्ध्याचाच बचाव उभा करतो आणि उरलेलं अर्धं भर कोर्टात सरकारी वकिलाच्या तोंडून ऐकावं लागतं.